विनासूचना भेटीची सूचना

बाटलीकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं, तिथे माझी काय कथा! सरकारी पाणी-तपासणी कचेरीत बावीस वर्षं त्यांचं काम एकच. कापड रंगवायच्या कारखान्यामागच्या नाल्यावर जायचं, बाटली भरायची, लाखेची मोहोर लावायची आणि फॉर्मवर रंग नि वास लिहायचा.

नियम असा, की जाण्याआधी दोन दिवस कारखान्याला पत्र. मग काय होणार? सोमवारी नाला निळा, मंगळवारी लाल, आणि काका जातील त्या दिवशी असा नितळ, की तळाचे खडे मोजून घ्यावेत. काका लिहायचे, ‘रंग: नाही. वास: नाही.’ आणि घरी येऊन भिंतीशी भांडायचे, "पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसा नाला झाडून ठेवतात मेले!"

"भिंतीला काय सांगता?" काकू म्हणायच्या. "जावयाला सांगा."

तिथेच तर गोम होती. जावई त्याच कारखान्यात, रंगाच्या हौदावर. कोपरापर्यंत निळा. लग्नाच्या फोटोतसुद्धा हात पाठीमागे लपवून उभा आहे. मी पाहिलाय फोटो, उगाच नाही सांगत.

नाल्याच्या खालच्या अंगाला एका बाईची रोपवाटिका. रोपं जळायला लागली तशी बाई कोर्टात गेली. न्यायाधीशबाईंनी नमुना मागवला. पत्र गेलंच. कारखानदार इतका धास्तावला, की त्याने सकाळपासून नाल्यात नळच सोडून ठेवला. काकांनी बाटली नाकाशी नेली, तर नळाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास! बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात काहीतरी लिहायला मिळालं: ‘नळाच्या पाण्याचा.’

कोर्टात कारखान्याचे वकील अहवाल फडकवत म्हणाले, "आम्ही पिण्यालायक पाणी सोडतो!"

"वासाचा रकाना वाचलात का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वकिलांनी वाचला. "बाईसाहेब, चाळीस घरांच्या चुली या कारखान्यावर..."

"चुली मला विझवायच्या नाहीत. त्या बाईची रोपंही जाळायची नाहीत."

हुकूम झाला: कारखाना चालू राहील. नमुना मात्र विनासूचना घ्यायचा. पाणी रंगीत निघालं, तर शुद्धीकरणाची टाकी बांधून होईपर्यंत अर्धे हौद बंद.

संध्याकाळी लेक तणतणत माहेरी आली. "बाबा, अर्धे हौद म्हणजे अर्धी माणसं. काढताना नव्याला आधी काढतात, आणि हे सगळ्यांत नवे!"

"मग काय, जन्मभर नळाचं पाणी भरून आणू?"

लेक ताट सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी काका कचेरीत म्हणाले, "निघतो." साहेब म्हणाले, "विनासूचना भेटीला परवानगीचं पत्र लागतं." पत्र निघालं. तळाशी ओळ होती, ‘प्रत: कारखान्यास, माहितीसाठी.’

काकांनी कपाळावर हात मारला. "साहेब, विनासूचना येतोय, अशी सूचना?"

"प्रत पोचली नाही तर भेट बेकायदा. तुमच्यासाठी नियम बदलू? आणि शिपाई रजेवर आहे, तेव्हा प्रत तुम्हीच हातोहात द्या."

काका साहेबांच्या सात पिढ्या आठवत जिना उतरले. शेवटच्या पायरीवर थबकले. पत्र पुन्हा उघडलं. तारीख होती, वेळ नव्हती!

मग काय, आधी थेट नाला. बाटली जांभळी भरली. मोहोर लावली. नंतर फाटकावर जाऊन प्रत दिली, रीतसर सही घेतली. हौदावरून जावई बघत होता.

"मामा, निदान आदल्या दिवशी सांगायचं तरी!"

"जावईबापू, ते काम कचेरी करते. मी फक्त बाटल्या भरतो."

अर्धे हौद बंद झाले आणि जावई घरी बसला. घरी म्हणजे सासऱ्यांच्या. चार महिने समोरासमोर जेवण, तोंडातून शब्द नाही. रोज ताटापुढे येणारे ते निळे हात फिके पडताना काका पाहायचे. भिंतीशीही बोलेनात.

पाचव्या महिन्यात टाकी झाली. तिच्यावर देखरेखीला माणूस हवा होता. जावयाला परत बोलावलं. आता काका नमुना घ्यायला गेले की तो हात पुढे करतो, "मामा, पत्र?"

"आधी बाटली."

लेक बोलते आता. ताट मात्र अजून आपटूनच वाढते.