संजीवनीच्या नावाने शोधलेली कबर

१८७८ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील साउथ शील्ड्स या बंदरगावात एक रोमनकालीन स्मृतिशिळा सापडली. सीरियातील पाल्मिराहून आलेल्या बाराटेस नावाच्या माणसाने ती रेजिना या आपल्या पत्नीसाठी उभारली होती. सिंगापुरात सेरंगूनला मुलीकडे राहणारे, जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर श्रीराम चेऊलकर ही हकीकत भेटेल त्याला ऐकवत. तिथल्या रहिवाशांना ‘सँडडान्सर’ म्हणतात, हेही. मी दोन्ही तपासले, खरे निघाले.

“लग्नाची तारीख विचारा, आठवणार नाही. शील्ड्स मात्र तोंडपाठ!” कॉफीचे कप ठेवत त्यांची मुलगी अनुया म्हणाली.

“तारखा तुझ्या आईकडे होत्या गं.”

सिंगापुरातील मराठी दर्यावर्दींच्या मुलाखती मी नोंदवत होते. तिसऱ्या भेटीत, अनुया घरी नसताना, त्यांनी उरलेले सांगितले. १९८६ मध्ये मरीन इंजिनिअरच्या परीक्षेसाठी ते सपत्नीक शील्ड्सला गेले. परीक्षा होताच कंपनीने जहाजावर बोलावले. पत्नी संजीवनीबाईंना सातवा महिना होता. मुलगी झाली, चार दिवस जगली. ते परतले तेव्हा दफनही उरकले होते. जागा त्यांनी विचारली नाही. बाईंनी सांगितली नाही. २०२३ मध्ये बाई गेल्या.

“आता डॉक्टर विमानात बसू देत नाहीत,” ते म्हणाले. “त्या जागेचा एक फोटो तरी मिळवा.”

शील्ड्सच्या दफनभूमी कार्यालयाने माझ्या दोन पत्रांना उत्तर देऊन दोनदा कळवले, ‘संजीवनी चेऊलकर’ या नावाशी जोडलेली नोंद नाही. मग मी बाईंचा त्या वेळचा पासपोर्ट मागितला. त्यावर नाव होते नंदा पोवळे.

“काका, या कोण?”

“हीच की! माहेरची नंदा. ताटातल्या तांदळात अंगठीने मी संजीवनी लिहिलं, त्यानंतर नंदा म्हणून हाक मारली कोणी? पासपोर्ट बदलायचा राहिला होता. हॉस्पिटलात तिने हाच दाखवला असणार. एकटी होती ना.”

तिसऱ्या पत्राला नऊ दिवसांत उत्तर आले: ‘पोवळे, स्त्री अर्भक, वय चार दिवस.’ सोबत विभाग, रांग आणि गवताचा एक फोटो.

अनुयाने तो बराच वेळ धरून ठेवला. “बाबा, मला बहीण होती?”

“होती.” मग माझ्याकडे वळून, “नावाच्या रकान्यात काय आहे?”

“रिकामा आहे, काका.”

“चार दिवस होती. काहीतरी हाक मारली असेलच ना तिने?”

त्या रांगेत अकरा कबरी आहेत, एकीवरही दगड नाही. मुलीची कोणती, हे नोंदीवरून ठरत नाही. आईने तिला नाव ठेवले होते की नाही, तेही ठाऊक नाही. जिला विचारता आले असते, ती हयात नाही.