कावळा बसला म्हणून

ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रात पणजीच्या निधनाची बातमी सापडली, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. कारण आजोबांचा जन्मदाखला पिशवीतच होता. त्यावर आई म्हणून तिचंच नाव होतं आणि तारीख बातमीच्या पुढच्या वर्षाची.

बाहेर येऊन आत्याला फोन केला, तर ती हसली. "अगं, तिच्या डोक्यावर कावळा बसला होता. मोठा अपशकुन! मग माहेरी मेल्याची खोटी तार करायची. माहेरचे रडले की मरण टळतं. तिच्या भावानं खरं कळायच्या आत पेपरातही छापून आणलं."

म्हणजे आजोबा, आत्या, मी, सगळे त्या बातमीनंतरचे. छापील कागदाला विचारलं, तर एका मेलेल्या बाईचा वंश.

"आणि ती खरंच गेली तेव्हा?"

आत्याचं हसू थांबलं. "तेव्हाही तार केली गं. माहेरचं कुणी आलंच नाही. त्यांना वाटलं, पुन्हा कावळाच बसला असेल."

दुसरी बातमी मी अजून शोधते आहे. पण ती छापून आणायची ज्या माहेरच्यांनी, त्यांच्या लेखी पणजी अजून गेलेलीच नाही.