मैदानाकडे पाठ

मैदानावर मारलेल्या चुन्याच्या फक्कीचा वास आला की भिवपुरीच्या वसाहतीजवळची ती दुपार आठवते. आमच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या प्रशिक्षक सरांना काढून टाकलं होतं, कारण अध्यक्षांच्या भाच्याला संघात घ्यायला सरांनी नकार दिला होता. आम्ही विनवण्या केल्या, तर "क्लब माझा आहे," एवढंच उत्तर मिळालं. मग सामना सुरू होताच आम्ही शे-दोनशे प्रेक्षक उठलो आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिलो. कुणी टाळी वाजवेना, कुणी ओरडेना. रणरणत्या उन्हात मागून फक्त चेंडूचा धप्प आवाज येत होता. अध्यक्ष धावत आले, "अरे, वळा की! पाहुणे बघतायत!" आमच्या गोलकीपरची आई मान न वळवता म्हणाली, "सरांना आणा सायेब, मंग वळतो आमी. माझाच पोरगा खेळतोय, मला बघायची हौस नाय का?" मध्यंतराला अध्यक्षांनी स्वतःची गाडी पाठवून सरांना आणवलं, आणि सर फाटकातून आत आले तेव्हा आरोळी ठोकत आम्ही सगळे मैदानाकडे वळलो. सामना आम्ही एका गोलने हरलो, तरी सरांना खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत नाचत गेलो. त्यानंतर मी पुष्कळ सामने पाहिले, पण इतकं जिंकल्यासारखं पुन्हा कधी वाटलं नाही.