बुडालेल्या बोटीचं नाव

सगुणाबाई पाण्याला भ्यायची, म्हणजे किती भ्यावं माणसानं! जन्म नाशकात गेला, पण सिंहस्थातसुद्धा गोदावरीत तिनं पाय बुडवला नाही. सुनेनं तांब्यात पाणी आणून दिलं, तेच डोक्यावर शिंपडून घेतलं आणि म्हणाली, पोचलं पुण्य. अंबडच्या घरात काठोकाठ भरलेली बादली तिला चालायची नाही. मुलगा संतोष कंपनीत लेथवर कामाला. त्याच्या पोरीनं, तेजस्विनीनं, पोहायला शिकायचं नाव काढलं की म्हातारी ताटावरून उठायची. पोर मग क्लासच्या नावाखाली चोरून पोहायला शिकली. आणि अशा घरातली पोर शेवटी गेली कुठं, तर नौदलात!

म्हातारीच्या भीतीला कारण होतं. तिच्या आईची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव आईनं झिपरू ठेवलं. असलं नाव ऐकून यमसुद्धा नाक मुरडतो आणि पुढच्या घरी जातो, अशी तेव्हाची समजूत. झिपरू जगला, वाढला, नौदलात खलाशी झाला. त्याच्या बोटीचं नाव होतं दारणा. सगुणाबाईच्या माहेरच्या गावाशेजारून वाहणाऱ्या नदीचंच नाव, त्यामुळे गावाला कोण अप्रूप! आणि एका वादळात ती दारणा बुडाली. झिपरूचं काही म्हणता काही हाती लागलं नाही. सगुणा तेव्हा परकर नेसणारी पोर होती. पुढं तिला मुलगा झाला तेव्हा आई म्हणाली, माझ्या झिपरूचं नाव ठेव. सगुणाबाईनं साफ नाही म्हटलं. अवचित गेलेल्याचं नाव मागं उरलेल्यांना ओढून नेतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गेल्या वर्षी तेजस्विनी अग्निवीरचं ट्रेनिंग संपवून घरी आली, ती पेढे घेऊनच.

"आजी, मला बोट मिळाली. आयएनएस दारणा."

सगुणाबाईचा पेढा हातातच राहिला. "ती तर बुडाली."

"ती दुसरी दारणा. तिच्याआधी इंग्रजांच्या वेळची एक होती, ती म्हातारी होऊन भंगारात गेली. ही तिसरी, नवीकोरी. नौदलात नाव पुसू देत नाहीत आजी, जुनी बोट गेली की तेच नाव नवीला देतात."

"बुडालेलीचं बी?"

"बुडालेलीचं तर मानानं देतात."

"आमच्यात एक लेकरू गेलं की दुसऱ्याला दगडू म्हणत्यात. आन् तुमचे सायब बुडालेलं नाव उचलून पुन्हा ठेवत्यात? एक बी शहाणा माणूस नाय का तिथं?"

संतोष हसला. हसण्यासारखं होतंच. पण म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते, ते काही त्याला दिसले नाहीत.

त्यानंतर तिनं काय काय नाही केलं! पोरीची बॅग धान्याच्या कोठीमागं लपवली. छातीत कळ येते म्हणून लोळून घेतलं. डॉक्टरनं गॅसची गोळी दिली. काहीच लागू पडेना, तेव्हा निघायच्या दिवशी ती नाशकातल्याच द्वारका चौकापर्यंत सोडायला गेली. मुंबईची गाडी लागली होती. तिनं पोरीचा हात घट्ट धरला आणि मनातलं बोलून टाकलं.

"त्या नावामागं झिपरू हाय. तो तुला हाक मारील. गेलेलं माणूस एकदाच हाक मारतं. पहिल्या हाकेला ओ देऊ नको. कुणाची बी असू दे, दुसरी हाक येईस्तोवर गप राहायचं. माझी शपथ हाय तुला."

"बरं, आजी," तेजस्विनी म्हणाली आणि गाडीत चढली. हसली मात्र नाही.

जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ उठलं. टीव्हीवर तो पांढरा भोवरा दिवसभर फिरायचा आणि सगुणाबाई त्याच्यासमोर बसून राहायची. तेजस्विनीचा फोन लागेना. बोट समुद्रात असली की लागत नाही, संतोष समजावून सांगायचा, पण त्याचाही आवाज आता बारीक झाला होता. दारात स्कूटर थांबली तरी ती उठून दाराशी जायची. बातमी घेऊन कोणी आलं असेल, असंच तिला वाटायचं. आईकडं अशीच बातमी आली होती.

मग एका दुपारी फोन वाजला. नातीचाच आवाज.

"आजी, मी बरी आहे. पण निलोफरचा हात मोडला."

निलोफर मालेगावची, तेजस्विनीबरोबरच भरती झालेली मैत्रीण.

"वादळात मी डेकवर होते. जाड दोर सुटला आणि माझ्याच अंगावर येत होता. निलोफरनं मागून हाक मारली, तेजू, बाजूला हो. मला ऐकू आली, आजी. स्वच्छ ऐकू आली. पण मला वाटलं, झिपरूच हाक मारतोय. मी जागची हलले नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. शेवटी तिनंच धावत येऊन मला ढकललं. दोर तिच्या हातावर बसला."

समुद्रानं पोरीला काही केलं नव्हतं. झिपरूनंही नाही. पोरीला मरणाच्या तोंडी दिलं होतं ते तिनं, सख्ख्या आजीनं, स्वतःची शपथ घालून. लाज आणि भीती एकदमच तिच्या अंगावर आली.

"आजी, मी आता बोटीवर झोपत नाही गं. डोळा लागला की तो येईल असं वाटतं."

"नाय यायचा," सगुणाबाई म्हणाली. "माझा भाऊ हाय तो. तो कशाला कुणाला ओढील? लय गुणाचा होता. माझं चुकलं, बाळा. हाक आली की ओ दे. पहिल्याच हाकेला दे."

मग तेजस्विनीनं विचारलं, "तो कसा होता गं? म्हणजे दिसायला, बोलायला? तू कधी सांगितलंच नाहीस."

सगुणाबाईनं सांगायला तोंड उघडलं. तिनं त्याचं नाक आठवून पाहिलं, हसणं आठवून पाहिलं, तिला तो काय म्हणून हाक मारायचा ते आठवून पाहिलं. इतकी वर्षं ज्याला भीत राहिली, त्या भावाचं तिच्याजवळ पाण्याखेरीज काहीच उरलं नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "थांब जरा. सांगते."