पडताळणाऱ्याची सही

कृत्रिम बुद्धिमत्तेला या जगात कोणी रांगेत उभं केलं असेल, तर ते फक्त आमच्या विभागाच्या हेडक्लार्कांनी. बाकीचे लोक एकतर तिच्यापुढे हात जोडून उभे होते, नाहीतर तिच्या नावानं बोटं मोडत होते. आमच्या हेडक्लार्कांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी तिला आवक क्रमांक दिला. मी अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या खोलीत बसून विद्यापीठात इतिहास शिकवला, पण कागद कसा जपावा हे शिकले ते त्यांच्या टेबलाकडे बघून. या माणसानं आयुष्यात कागद फेकला नव्हता. लग्नपत्रिकासुद्धा ते भोक पाडून फाईलला लावत आणि वर 'आवक' लिहीत.

खरा दोष विद्यापीठाचा. एके दिवशी परिपत्रक आलं की शिक्षक व विद्यार्थ्यांनी एआय सहायकाचा वापर जबाबदारीने करावा, खासगी माहिती त्यास देऊ नये, मिळालेली माहिती पडताळून घ्यावी आणि योग्य ती नोंद ठेवावी. असं परिपत्रक आलं की आम्ही प्राध्यापक मंडळी ते वाचतो, मान डोलावतो आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करतो. साऱ्या विद्यापीठात ते परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत गंभीरपणे घेणारा माणूस एकच निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोनशे पानी, लाल कापडी पाठीची नोंदवही आली. रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखले होते: दिनांक, यंत्रास काय दिले, यंत्राकडून काय आले, खरे निघाले काय आणि शेवटी पडताळणाऱ्याची सही. कसबा पेठेत त्यांच्या घराखालीच एक शिक्केवाला आहे. त्याच्याकडून 'पडताळले' असा गोल शिक्काही करून आणला. विभागाच्या संगणकावर पाटी लागली: 'यंत्रास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारून पाहावे. उत्तर येत असल्यास खुर्ची अडवू नये.'

आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच हसले. आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं की स्वतःच्या मोबाईलवर काही विचारलं तर त्याचीही नोंद करायची का. हेडक्लार्क म्हणाले, "मोबाईल आपला असेल. पगार ज्या डोक्याचा मिळतो, ते विभागाचं आहे." याच सहकाऱ्याला एकदा विद्यार्थ्यांच्या फॉर्मांवरून झटपट तक्ता हवा होता. जातीचे दाखले, आईवडिलांचं उत्पन्न, फोन नंबर, सगळं तो एका दमात यंत्राला द्यायला निघाला होता. हेडक्लार्कांनी शांतपणे माऊस काढून आपल्या खणात ठेवला. मुलांनी हे फॉर्म आपल्याला दिलेत, पुढे पाठवायला दिलेले नाहीत, एवढंच बोलले आणि चहा प्यायला लागले. शेवटी त्या बिचाऱ्यानं सगळी नावं काढून 'विद्यार्थी क्रमांक एक, विद्यार्थी क्रमांक दोन' असं लिहिलं, तेव्हा माऊस परत मिळाला.

ते स्वतः यंत्राशी कसे बोलत, हे बघायला आम्ही दाराआड उभे राहत असू. आम्ही त्याला अरेतुरे करायचो. ते 'महोदय' या शब्दानं सुरुवात करत, 'सविनय सादर करण्यात येते की' असं म्हणून विषयाला हात घालत आणि खाली 'आपला विश्वासू' लिहीत. एकदा त्यांनी त्याला रजेच्या नियमासंबंधी एक जुना शासन निर्णय विचारला. यंत्रानं क्रमांक दिला, तारीख दिली, मजकूरही दिला. दुसरा कोणी असता तर तो तसाच टाचून मोकळा झाला असता. यांनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, स्वारगेटहून बस धरली आणि तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. तसा निर्णय कुठेही निघाला नव्हता. परत आल्यावर त्यांनी यंत्राला रीतसर कारणे दाखवा नोटीस बजावली. यंत्रानं लगोलग माफी मागितली. ती त्यांनी छापून घेतली, फाईलला लावली आणि मला दाखवून म्हणाले, "माझ्या नोकरीत या विभागात आलेली ही पहिली लेखी माफी. कर्मचारी म्हणून यंत्र वाईट नाही."

आता मी ज्या गोष्टीकडे येतेय ती सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण ती टाळली तर हा माणूस अर्धाच राहील.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. कात्रजच्या पलीकडचं, आता शहराच्या हद्दीत आलेलं तिचं गाव. घरची शेती थोडी उरलेली, बाकीच्या जागेवर इमारती. तिचा विषय होता तिच्याच भागातल्या बुजवलेल्या विहिरी. मुलगी हुशार, पण बोलायला लागली की हाय आणि न्हाय. तिनं पहिलं प्रकरण आणून दिलं आणि मी वाचून थक्क झाले. एक वाक्य वाकडं नाही, एक शब्द जास्त नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. मी ते अख्खं प्रकरण तिच्या नावासकट यंत्राला दिलं आणि विचारलं की हे तू लिहिलंस का. ते म्हणालं, होय, ही बांधेसूद भाषा माझीच वाटते. मी तिला बोलावून विचारलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मीच लिवलंय, मॅडम. दुसरं कुनी न्हाय." माझा विश्वास बसला नाही. तिची नोंदणी रद्द करण्याबाबत चौकशी व्हावी, असं पत्र मी समितीला लिहिलं, यंत्राचं उत्तर सोबत जोडलं आणि जावक क्रमांकासाठी हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी पत्र वाचलं. सहपत्र वाचलं. मग नोंदवही उघडून बोट फिरवत बसले.

"मॅडम, याची आवक दिसत नाही."

मी म्हटलं, घाईत राहिली असेल. ते म्हणाले, "मग आवक नसताना जावक कशी करू?"

मला राग आला. हा शैक्षणिक प्रश्न आहे, तुमचं काम क्रमांक घालायचं, असं काहीतरी मी बोलून गेले. त्यांनी वाद घातला नाही. कपाटातून एक पिवळी पडलेली फाईल काढली. त्यात त्यांचा स्वतःचा, टाईपरायटरवर केलेला एक अर्ज होता. नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाचा. आईचं ऑपरेशन असल्यामुळे बदली सहा महिने पुढे ढकलावी, अशी विनंती. मला शेजारी बसवून त्यांनी तो एका बोटानं संगणकावर उतरवला. आईचं नाव आलं तिथे थांबले आणि 'अर्जदाराची आई' असं केलं. मग खाली विचारलं: 'सदर मजकूर आपण लिहिला आहे काय? कळावे.'

यंत्रानं कळवलं की होय, भाषेचा नेटकेपणा पाहता हा मजकूर माझाच असावा.

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा याचा जन्म व्हायचा होता," ते म्हणाले, "आणि दवाखान्याच्या बाकावर बसून कच्चा मजकूर मी लिहिला होता."

मग त्यांनी सांगितलं की ही मुलगी दोन वर्षं रोज दुपारी त्यांच्या टेबलाशी येत होती. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज तपासून घ्यायला, मग वसतिगृहाचा, मग नुसतीच चार ओळी दाखवायला. ते लाल शाईनं खुणा करत, ती पुन्हा लिहून आणे. "आपण तिचं बोलणं ऐकलंत," ते म्हणाले, "लिहिणं मी वाचलंय." नोंदवहीत तिच्या अक्षरात सात नोंदी होत्या. एकीत तिनं विहिरीवरच्या मोटेच्या भागांची नावं यंत्राला विचारली होती आणि 'खरे निघाले काय' या रकान्यात लिहिलं होतं: 'आजोबांना विचारले. पाचपैकी दोन चूक.' साऱ्या विभागात तिच्याइतक्या प्रामाणिकपणे त्या यंत्राला कोणी वापरलं नव्हतं.

मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि पेनचं टोपण काढून दिलं. मी लिहिलं. यंत्रास काय दिले: विद्यार्थिनीचे अप्रकाशित प्रकरण, तिच्या नावासह, तिला न विचारता. काय आले: आरोप. खरे निघाले काय: नाही. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि माझं ते पत्र उचललं. मला वाटलं, फाईलला लावणार. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, मग चार, मग अगदी बारीक, आणि टोपलीत टाकले. लग्नपत्रिका जपणाऱ्या त्या माणसाला मी कागद फाडताना तेवढं एकदाच पाहिलं.

मी त्या मुलीची माफी मागितली, लेखीसुद्धा. ती हसली आणि म्हणाली, "असू द्या मॅडम. मला बी कदी वाटलं नव्हतं मी असं लिवीन." पुढे तिला पदवी मिळाली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव हेडक्लार्कांचं आहे, माझं तिसरं. ते मला योग्य वाटतं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आलेल्या माणसाला नोंदवही म्हणजे काय तेच कळेना, म्हणून ती माझ्या खोलीत आली. मी तिच्यात नोंदी करते. बाकी कोणी करत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती पिशवीत घालून मी कसबा पेठेत जाते, तीन जिने चढते आणि वही त्यांच्यापुढे ठेवते. निवृत्त माणसाच्या सहीला किंमत नसते, असं ते दरवेळी सांगतात. मग पेन्सिल घेतात आणि प्रत्येक नोंदीपुढे बारीक खूण करतात, खोडता येईल अशी.

आता त्यांना नीट दिसत नाही. गेल्या खेपेला नोंदी मीच वाचून दाखवल्या. ते डोळे मिटून ऐकत होते, मधेच 'कोणाला विचारून खात्री केलीत?' म्हणत होते. मग वही ओढून त्यांनी खुणा केल्या. घरी येऊन वही उघडली तर शेवटची खूण एक ओळ खाली, अजून कोऱ्या असलेल्या ओळीपुढे पडली होती. नजर चुकली असणार. मी खोडरबर हातात घेतलं आणि परत ठेवलं. त्या ओळीत मी काय लिहीन ते मला माहीत नाही, पण जे लिहीन ते खरं मानून त्यांनी आधीच खूण करून ठेवली आहे.