कंडक्टरमामांची वही

मामा सोमवारी गेले. पुढच्या बुधवारी दहावा झाला. पिंड ठेवले आणि कावळा आला नाही.

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे, शैलाचे मामा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मरण्याआधी माणसाने दोन नोंदी करून ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. एक तलाठ्याकडे आणि एक मामांच्या वहीत. पहिली राहिली तर भाऊबंद रुसतात, दुसरी राहिली तर कावळा रुसतो. भाऊबंदांची समजूत काढणारे पुष्कळ भेटतात. कावळ्याची काढणारे एकटे मामाच होते.

मामा एसटीत कंडक्टर होते. दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या गाड्या त्यांनी केल्या, आणि माणसांचे चेहरे त्यांना जेवणावरून लक्षात राहत. "मढ एक फुल, एक हाफ. बरं आजी, करटुली तुमी तेलात परतता का नुसत्या तव्यावर?" असं ते तिकीट देता देता विचारत, आणि आजी सुटे पैसे विसरून करटुल्यांवर बोलू लागत. घरी आल्यावर ते सगळं पुठ्ठ्याच्या जाड वहीत उतरवत. एका पानावर एक माणूस: वर नाव, गाव, मग त्याचा जीव कशावर आहे तो पदार्थ आणि तो त्या घरात कसा करतात त्याची कृती. माणूस वारला की मामा तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याने त्या पानाचा कोपरा टोचत. दहाव्याला कावळा अडून बसला की कुणीतरी मोटारसायकल पिटाळत मामांच्या गावी, राजुरीला येई, मामा वही घेऊन मागे बसत, आणि नदीकाठी पोचल्यावर पान उघडून सांगत, "ह्यांना लसूण नाय चालायचा. काढा तो." लसूण काढला की कावळा यायचा. मी शिकलेला माणूस, जुन्नरच्या वाचनालयात नोकरी केलेला. योगायोग असेल असं मी पुष्कळदा म्हटलं. ती वही एकदा खिडकीसमोर धरली, तेव्हा पानापानांच्या कोपऱ्यांतून उजेडाचे बारीक ठिपके माझ्या सदऱ्यावर पडले. त्यातला एक छातीवर पडला. तेव्हापासून मी योगायोग म्हणणं सोडलं.

साहजिकच जिवंत माणसं मामांना घाबरत. ते पिशवी घेऊन आळीत शिरले की बायका चुलीवरचं झाकत. पेठच्या एका दुकानदाराने तर त्यांना पायरीवरूनच हाकललं. "ओ कंडक्टर, माझं तिकीट फाडाया आला काय?" मामा हसून परत फिरले. दुकानदार त्यानंतर तीन वर्षं ठणठणीत जगला. त्याच्या दहाव्याला कावळा येईना, तेव्हा त्याचा मुलगा खाली मान घालून मामांना न्यायला आला. वहीत पान होतं! शेंगदाण्याची आमटी, वर कच्चा कांदा. "हाकललं खरं," मामा मला म्हणाले, "पन त्याचा जेवनाचा डबा उघडाच व्हता." कांदा चिरत असतानाच कावळा उतरला म्हणतात.

एका वर्षी जुन्नरच्या महिला मंडळाने पाककृतींची स्पर्धा घेतली आणि परीक्षक म्हणून मामांना बसवलं. मी शेजारी गुण लिहायला होतो. मासवड्यांच्या एका ताटापाशी मामा थांबले. एक वडी खाल्ली, चमचा खाली ठेवला आणि वही उघडली. मढच्या एका म्हातारीचं पान होतं, कोपरा टोचलेला. सारणात भाजलेल्या जवसाबरोबर चिमूटभर कारळं. ती म्हातारी हे कुणाला सांगत नसे. ताटामागच्या तरुण बाईला मामांनी विचारलं, "मढला कोन हाय तुमचं?"

"कोणीच नाही. मी गेलेसुद्धा नाहीये कधी."

"मग हे शिकवलं कोनी?"

तिने ताटातली एक वडी उलटून पाहिली. "हात आपोआप कारळ्यांच्या डब्याकडे गेला," म्हणाली.

पहिलं बक्षीस मामांनी चार वर्षांपूर्वी वारलेल्या त्या म्हातारीला जाहीर केलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. बक्षिसाचा स्टीलचा डबा मामांनी स्वतः मढला नेऊन तिच्या मुलाच्या हातात दिला.

वाचनालयातली पाककृतींची पुस्तकं मी त्यांना मोठ्या हौसेने दाखवली. ते दोन पानं वाचायचे आणि एका ओळीवर अडायचे. "मीठ चवीनुसार. आता कुनाच्या चवीनुसार, जावयबापू? नाव नको का लिवाया?" स्वतः मात्र पंगतीत बसले की पानावर वाढलेलं मीठ ते पहिल्यांदा बोटाने बाहेर लोटत. "बीपी का हो मामा?" असं कोणी विचारलं तर म्हणत, "व्हय, बीपी." दर दिवाळीला ते माझ्या नावाचं पान उघडून विचारत, "काय लिवू?" आणि दर दिवाळीला मी म्हणे, "पुढच्या वर्षी बघू, मामा."

तर त्या बुधवारी घाटावर लाऊडस्पीकरवर श्रद्धांजल्या झाल्या. एका पुढाऱ्याने मामांना मासवडी प्रिय होती असं सांगितलं, म्हणून तीन घरांतून मासवड्या आल्या. बाभळीवर एकच कावळा बसला होता. ओरडत नव्हता, नुसता पाहत होता. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला लागले. "उरका राव, लोकान्ला हापिसं हायेत," मागून कोणी म्हणालं. तेव्हा एक म्हातारी उसळली, "दोन तालुक्यांचं कावळं ह्या मानसानं बोलावलं, अन ह्यालाच गवताचा कावळा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण वही माझ्या हातात होती. मी सगळी पानं उलटली. मामांचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्यात पहिलं पान मामींचं होतं. मामींना जाऊन वीस वर्षं झाली होती, पान पिवळं पडलं होतं. त्यावर लिहिलं होतं: "पिठलं. मीठ घालायचं विसरते. सांगायचं नाही."

मी ते दोनदा वाचलं. मग शैलाला घेऊन घाटाजवळच्या एका घरात गेलो. पिठलं रटरटायला लागलं, तिचा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला, आणि मी तो धरला. तिने वहीतली ओळ वाचली. लहानपणी ती सुट्टीत मामांच्याच घरी असे. "मला वाटायचं," ती म्हणाली, "मामीचं पिठलं असंच असतं."

घाटावर परतून मी पातेलं खाली ठेवायच्या आत कावळा माझ्या हाताशेजारी उतरला. पुरतं खाऊन झाल्यावर मान वाकडी करून त्याने माझ्या काखेतल्या वहीकडे पाहिलं आणि तो उडून गेला. लोक चपला शोधू लागले.

घरी येऊन मी चिमटा काढला. मामांचं पान नव्हतं, म्हणून मामींच्या पानाला, पहिल्या भोकाशेजारी, दुसरं पाडलं.

वही आता माझ्या टेबलावर असते. कोणी मोटारसायकल घेऊन आलं तर मी मागे बसून जातो. शेवटच्या पानावर मामांच्या अक्षरात माझं नाव आहे. त्याखाली काही लिहिलेलं नाही.