शेवटच्या खोलीतला मुंगळा

शेजारच्या भाऊंनी आईला रानाच्या रस्त्यावरून मोटारसायकलवर बसवून घरी आणले, तेव्हा दिवस मावळत आला होता. रोपवाटिकेच्या पुढे तो रस्ता जंगलात शिरतो. वाघिणीचा वावर असल्यामुळे सिंदेवाहीत त्या वेळी तिकडे कोणी पायी फिरकत नाही. आई भाजी आणायला निघाली होती आणि बाजार नेमका उलट दिशेला आहे.

"बाई, तिकडं कुठी निंगाल्या होत्या? वाघाले भेटाले का?" भाऊंनी दारातच विचारले.

"वाघ मले काय करते? कचेरीत एवढे साहेब पाह्यले मी," असे म्हणून आईने रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि ती आत गेली.

भाऊ हसले. मला हसू आले नाही. कोरपन्याला दिलेल्या माझ्या मोठ्या मावशीचे असेच रस्त्यापासून सुरू झाले होते. नंतर तिला स्वतःचे दार ओळखू येईना, आणि शेवटी दारात उभी असलेली तिची बहीण, म्हणजे माझी आईही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आईला एकदा नागपूरला नेऊन तपासण्या करून घ्या, असे दोनदा सांगितले होते. आईने दोन्ही वेळा नकार दिला. मला पावसाळा संपताना संशोधनासाठी परदेशी जायचे होते आणि त्याआधी मला उत्तर हवे होते. आईच्या मते ते उत्तर तिच्याकडे रोज सकाळी येत होते.

"माही परीक्षा मशीनीत हाय," ती म्हणे. "शेवटची खोली उघडते ना रोज? मंग डोकं ठीक हाय."

ही मशीन म्हणजे आमच्या मधल्या खोलीतला, कापडाने झाकलेला जुना संगणक. तालुक्याच्या कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करून त्याच्याकडून काम करून घ्यावे लागे. कचेरीतले पुरुष त्याला हात लावायला धजत नव्हते. चंद्रपूरच्या प्रशिक्षणाला आई गेली. तिच्या घरात शेती नव्हती. आजोबा दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करत. शिकलेले डोके एवढीच आमच्या घरची मिळकत, आणि ती तिने पहिल्यांदा वापरली. कचेरीने तो संगणक मोडीत काढला, तेव्हा तिने तो घरी आणला. त्यात जेवणाच्या सुटीत खेळायचा एक कोड्यांचा खेळ होता. त्यात चौकटींच्या खोल्या आहेत. पेट्या ढकलायच्या, किल्ल्या गोळा करायच्या आणि दार गाठायचे. शेवटच्या खोलीत भिंत धरून सतत फिरणारा एक किडा आहे. आई त्याला मुंगळा म्हणते.

खेळातला वेळ ठोक्याठोक्याने पुढे सरकतो. प्रत्येक ठोक्याला मुंगळा एक घर चालतो, आपणही एक घर चालतो. एका अरुंद कोपऱ्यात मुंगळा घर सोडतो त्याच ठोक्याला आपण त्या घरात शिरायचे असते. आईला हे पाठ होते. त्या कोपऱ्यावर ती पडद्याकडे बघतसुद्धा नसे.

मे महिन्यात तो संगणक बंद पडला. भाग मिळण्याची शक्यता नव्हती. मी त्यातली डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि आई शेजारी वेताचा मोडा ओढून बसली. माझ्या कामाचा लॅपटॉप वेगळ्या प्रणालीवर चालतो, पण त्यातही हुकूम टाईप करता येतात. ते पाहून तिला फार आनंद झाला.

"कॉपी लिही. मंग स्टार डॉट स्टार."

"आई, येते मला."

"येते तं लिही ना! स्टार म्हंजे काहीबी. डॉटच्या पुढं काहीबी, डॉटच्या मांगं काहीबी. सबच्या सब येते."

मी *.* लिहिले. फायली भराभर आल्या. आईने समाधानाने मान हलवली. पण खेळ सुरू होईना. खोल्या सापडत नाहीत, एवढाच संदेश पडद्यावर येत राहिला. डिस्क जुनी होती, काही भाग खराब झाला असेल, असे मी गृहीत धरले. त्या खेळाचे चाहते अजून इंटरनेटवर आहेत. त्यांच्याकडून मी त्याच खेळाची नंतरची आवृत्ती उतरवून घेतली. खोल्या त्याच, चित्रे तीच, आवाजही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या अरुंद कोपऱ्यात मेली. खेळात हरताना दोन सुरांचा एक आवाज होतो. तो मी लहानपणानंतर प्रथमच ऐकला.

ती पुन्हा बसली आणि पुन्हा तिथेच अडकली. आधीच्या सगळ्या खोल्या व्यवस्थित उघडत होत्या, कारण तिथे एखाद्या घराने इकडेतिकडे झाले तरी चालते. आठवडाभर हेच चालले. पहिल्या दिवशी ती मुंगळ्याला शिव्या घालत होती. नंतर तिचे बोलणे कमी झाले. एका सकाळी तिने लॅपटॉप मिटला, बुद्धांच्या तसबिरीसमोरची मेणबत्ती सरळ केली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "तुह्या मावशीले कोनत्या डॉक्टरकडं नेलं होतं?"

मला हवे होते ते घडत होते. ती नागपूरला यायला तयार होत होती.

पण एकच माणूस एकाच घरात, त्याच ठोक्याला, दर वेळी हरतो, हे मला खटकत होते. विसरणारे माणूस वेगवेगळ्या ठिकाणी चुकते. मी नव्या आवृत्तीसोबत आलेली बदलांची टिपणे वाचली. त्यात एक दुरुस्ती नोंदलेली होती. पूर्वी प्रत्येक ठोक्याला आधी किडा चाले आणि मग खेळणारा. आता खेळणारा आधी चालतो. म्हणजे आई त्या घरात पाय टाकत होती तेव्हा मुंगळा अजून तिथेच होता. तिची चाल पूर्वीइतकीच अचूक होती. खेळाचा नियम बदलला होता.

मग मी डिस्ककडे परत गेले आणि तिथली यादी माझ्याकडे आलेल्या फायलींशी ताडून पाहिली. खराब काहीच झाले नव्हते. खोल्यांच्या फायलींच्या नावात टिंबच नव्हते. आईच्या जुन्या प्रणालीत *.* म्हणजे खरोखर सगळे, नावात टिंब असो वा नसो. माझ्या प्रणालीत तीच खूण टिंब असलेल्याच फायली उचलते; सगळे हवे असेल तर नुसता * लिहायचा. मी तसा लिहिला. खोल्या आल्या आणि जुना खेळ सुरू झाला.

हे आईला सांगितले तर ती नागपूरचे नाव पुन्हा काढणार नाही, हे मला कळत होते. न सांगता तिला घेऊन जाणेही शक्य होते. पण त्यासाठी तिचे डोके एका खोट्या पुराव्यावर दोषी ठरले असते, आणि प्रयोगशाळेत मी असा निष्कर्ष कुणाचाही स्वीकारला नसता. संध्याकाळी मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

"हे जुनंच आहे. मिळालं."

कोपरा आला. तिने पडद्याकडे पाहिले नाही. दार उघडले.

"पाह्य!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की कुंपणापलीकडून भाऊंनी "काय झालं बाई, वाघ आला का?" म्हणून विचारले. "वाघ गेला!" आईने इथूनच उत्तर दिले. ती इतकी हसली, की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मला वाटले, संपले. आता ती येत नाही.

मग तिने विचारले, "मंग त्या नवीनमंदी काय बदललं होतं?"

मी ठोक्याचा क्रम समजावला. तिने बोटाने मोड्याच्या काठावर दोनदा टकटक केली. एकदा मुंगळ्याची, एकदा स्वतःची. मग उलट क्रमाने.

"म्हंजे एक ठोका थांबाचं होतं. एवढंच?"

"एवढंच."

ती काय विचार करते आहे, हे मला माहीत होते, कारण तोच विचार दुपारी माझ्या मनात येऊन गेला होता आणि मी तो बाजूला सारला होता. जुनी आवृत्ती जिंकून काहीच सिद्ध होत नव्हते. पाठ झालेली चाल बराच काळ टिकते. मावशीही शेवटपर्यंत न चुकता बुद्धवंदनेतले त्रिशरण म्हणायची.

"कचेरीत नवीन सिस्टीम आली का मी दोन दिसांत शिकत होती," आई म्हणाली. "बाकीचे मले विचारे. आन इथं मुंगळा रोज त्याच घरात दिसून राह्यला, तरी थांबाचं सुचलं नाई मले. हप्ताभर."

"सवय असते आई. कुणालाही..."

"तुले सुचलं असतं."

मी पदराएवढ्या फडक्याने लॅपटॉपचा पडदा पुसू लागले.

"काऊन गप झाली? सायन्सवाली ना तू? सांग, सुचलं असतं का नाई?"

"असतं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. त्या हलण्यात राग नव्हता. कचेरीतल्या हिशेबाची बेरीज जुळल्यावर ती अशीच मान हलवत असावी. मग तिने जुना खेळ बंद केला आणि मला नवा लावून द्यायला सांगितले.

"नागपूरचा नंबर लाव. आन जाताना हे नवीन घेऊन चल संगं. त्या डॉक्टरले दाखवतो, मी कुठी अडकतो ते."

मी फोन घेऊन ओसरीवर आले. पलीकडे घंटी वाजत होती. आत आई स्वतःशीच मोठ्याने म्हणत होती, "थांब. इथी थांब." थोड्या वेळाने तो दोन सुरांचा आवाज आला. मग पुन्हा तिचे "थांब", आणि पुन्हा तोच आवाज. पलीकडे कुणीतरी फोन उचलून पेशंटचे नाव विचारले. मी आईचे नाव सांगितले, आणि आतल्या खोलीकडे कान ठेवून वय सांगू लागले.